ताई, रग्बीने पोट भरतं का, त्याचं हे लांबलचक उत्तर

गेले बारा दिवस भाचा माझ्याशी धड बोलत नाहीये. मेसेज केला की ब्लू टिक येते, उत्तर येत नाही. ताईकडे गेले की "मावशी आलीस?" एवढं म्हणून खोलीचं दार लोटून घेतो. कारण मी त्याचा खेळ थांबवलाय.

सतरा वर्षांचा आहे, फोंड्याला हायर सेकंडरीत, बारावीचं वर्ष, आणि गेली दोनेक वर्षं त्याच्या डोक्यात रग्बीशिवाय दुसरं काही नाही. त्या दिवशी प्रॅक्टिसला टॅकल करायला, म्हणजे समोरच्याला पकडून पाडायला, खाली वाकला आणि समोरच्याचा गुडघा ह्याच्या कानशिलावर बसला. पडला, उठला, अंगठा वर करून दाखवला आणि उरलेली प्रॅक्टिस पूर्ण केली. संध्याकाळी माझ्या क्लिनिकवर बोटांना लावायची टेप न्यायला आला. मला म्हणाला, "मावशी, आज रात्री जेवायला येतेस ना घरी, आईने तिसऱ्या केल्यात." मी म्हटलं येते. चारेक मिनिटं गेली असतील, मी कपाटातून टेप काढत होते आणि मागून तोच आवाज, तेच शब्द, "मावशी, आज रात्री जेवायला येतेस ना घरी, आईने तिसऱ्या केल्यात."

माझे हातपाय गार पडले. उलटी, तोल, डोळे, सगळं तपासलं, त्याला घेऊन थेट डॉक्टरांकडे गेले, स्कॅन वगैरे झालं, आत रक्तस्राव नाही म्हणाले तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पण कन्कशन होतं, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला बसलेला हादरा. आणि कन्कशन झालं की शाळा-क्लबच्या पातळीवर नियम सरळ आहे, त्या दिवशी परत मैदानावर पाय नाही, आणि पुढचे किमान २१ दिवस मॅच नाही. ह्याची निवड चाचणी बरोबर चौदाव्या दिवशी होती. तो म्हणाला मला काही होत नाहीये, डोकं पण दुखत नाही. मी म्हटलं नाही म्हणजे नाही. तेव्हापासून हा अबोला.

त्या रात्री जेवणं झाल्यावर ताई मागच्या पडवीत माझ्याशेजारी येऊन बसली. आमच्या घरी रागावलं की कोकणी बाहेर येते. ती म्हणाली, "रग्बी खेळून पोट भरतलें?" एवढंच. मी काहीतरी पुटपुटले, पण एका वाक्यात देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बारा दिवस तेच डोक्यात चाललंय म्हणून आज लिहायला बसले. ताई माझा ब्लॉग वाचते. भाचाही वाचतो, लपून.

आधी माझं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी कबड्डी खेळायचे. माशेलच्या पोरींमध्ये डाव्या कोपऱ्यात माझ्यासारखी पकड कुणाची नव्हती, हे ताईसुद्धा मान्य करेल. कॉलेजात असताना एका पकडीत गुडघा आतल्या आत फिरला, कट्ट असा आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो. ज्यांना दाखवलं त्यांनी गुडघा दोनदा दाबून बघितला आणि "मुलीच्या जातीला काय करायचाय खेळ, आता विसर" म्हणून घरी पाठवलं. एसीएल, म्हणजे गुडघ्याला आतून धरून ठेवणारा लिगामेंट, तुटलंय हे मला कळलं ते पुढे मुंबईला फिजिओथेरपी शिकायला गेल्यावर, स्वतःच्याच पुस्तकातून. तोवर खेळायचं वय गेलं होतं. तेव्हा पोर खेळायचं म्हणतंय आणि मोठी माणसं नको म्हणतायत असं दिसलं की मी पोराच्या बाजूने असते. आणि ह्या वेळी नको म्हणणारी मीच आहे.

रग्बी मला भेटली मुंबईतच. एका सीनियरने बर्फाची पेटी आणि टेपचे रोल माझ्या हातात दिले आणि म्हणाली चल, बॉम्बे जिमखान्यावर मॅच आहे, हात कमी पडतायत. जुलै महिना, पाऊस धो धो, आणि आझाद मैदानाला लागून असलेल्या त्या ग्राउंडवर तीस पुरुष चिखलात एकमेकांच्या अंगावर पडत होते. सगळे नाकं मुरडत होते आणि मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढे आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला होतो, अंगाला तेल चोपडून बापे माणसं, पोरं सगळी चिखलात लोळतात, एकमेकांना उचलतात, ओढतात, आणि आतमध्ये भजन चालू असतं. मला वाटलं हा तर चिखलकालाच, फक्त मध्ये एक लांबुळका चेंडू टाकलाय.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका बाजूला १५ जण, ८० मिनिटं. चेंडू हातात घेऊन पळायचं, पण हाताने पुढे टाकायचा नाही, पास नेहमी बाजूला किंवा मागे. समोरच्याच्या गोललाइनपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, ५ गुण, मग किक मारून आणखी २. अडवणाऱ्याने पकड करायची ती कबड्डीसारखीच, खाली वाकून, कमरेत किंवा मांड्यांत, मानेला हात लागला तर कार्ड. आणि स्क्रम म्हणजे दोन्हीकडचे आठ आठ जण डोकी गुंतवून ढकलतात ते, त्यातले पुढचे तीन म्हणजे दोन प्रॉप आणि मधला हूकर, ह्यांच्या मानेवर आणि खांद्यांवर किती वजन येतं ते त्यांच्या माना बघितल्या की कळतं. ह्या हूकरचं नाव पुढे येणारे, लक्षात ठेवा.

आता पोटाचं. बाकीच्या खेळांत पैसा कधीचा आला, पण रग्बी युनियनमध्ये, म्हणजे ह्याच १५ जणांच्या रग्बीत, खेळायचे पैसे घेणं १९९५ पर्यंत नियमाने बंद होतं. म्हणजे देशाकडून खेळणारा माणूससुद्धा सोमवारी सकाळी कामावर, कुणी शेतकरी, कुणी पोलीस, कुणी डॉक्टर. १९९५ च्या जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्ल्ड कप झाला, तिथे न्यूझीलंडच्या वीस वर्षांच्या जोना लोमूने सेमीफायनलला इंग्लंडविरुद्ध चार ट्राय केले, त्यातल्या एकात तर समोरचा खेळाडू आडवा आला आणि हा त्याच्या अंगावरून चालत गेला. फायनल मात्र दक्षिण आफ्रिकेने १५-१२ अशी घेतली आणि नेल्सन मंडेलांनी सहा नंबरची हिरवी जर्सी घालून कप दिला, तो फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो. दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, पॅरिसच्या बैठकीत खेळ खुला झाला, पैसे घ्या म्हणाले. त्यामुळे रग्बीत 'व्यावसायिक खेळाडू' हा प्राणीच माझ्या भाच्याच्या आईपेक्षा लहान आहे. ताई, तू पाचवी-सहावीत होतीस तेव्हा.

लोमू त्या नव्या काळातला पहिला जगभर माहीत असलेला खेळाडू. आणि त्याच वर्षाच्या शेवटी कळलं की त्याला किडनीचा गंभीर आजार आहे. तरी तो खेळला, १९९९ च्या वर्ल्ड कपमध्ये आठ ट्राय केले. पुढे डायलिसिस, २००४ मध्ये किडनी बदलली, २०१५ मध्ये चाळिसाव्या वर्षी गेला. मला त्याच्या ट्रायपेक्षा ही गोष्ट जास्त लागते, की ज्याचं शरीर बघून सगळं जग थक्क झालं त्याचं तेच शरीर आतून त्याला साथ देत नव्हतं आणि तरी तो पळत होता.

व्यावसायिक खेळाडूचं आयुष्य बाहेरून दिसतं त्यापेक्षा बरंच नोकरीसारखं असतं. सोळा-अठराव्या वर्षी क्लबची अकॅडमी, मग दोन-तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, ते संपायच्या आधी पुढचं मिळेल का ही धाकधूक. शनिवारी मॅच असेल तर सोमवारी अंग चोळून घेणं, व्हिडिओ बघणं, जिम. मंगळवारी सगळ्यात जड सराव, बुधवारी बहुतेक सुट्टी, गुरुवारी परत, शुक्रवारी हलकी प्रॅक्टिस, तिला कॅप्टन्स रन म्हणतात. शनिवारी ऐंशी मिनिटं. रविवारी पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागतो. हे वर्षातले नऊ-दहा महिने. तिशी ओलांडली की पुढचं कॉन्ट्रॅक्ट छोटं होत जातं.

आणि क्लब मोठा म्हणजे नोकरी पक्की असंही नाही. इंग्लंडमध्ये २०२२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वूस्टर आणि वास्प्स हे दोन क्लब कर्जात बुडाले, पुढच्या जूनमध्ये लंडन आयरिशही गेला. खेळाडू एकाएकी बेकार, काही जणांची लेकरं तिथल्या शाळेत, घराचे हप्ते चालू. आपल्याकडे खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रकवाल्यांचं काय झालं ते डिचोली-सांगेतल्या लोकांना सांगायला नको, तसंच ते.

पैसा सगळ्यात जास्त फ्रान्सच्या टॉप १४ लीगमध्ये आणि जपानमध्ये. पण न्यूझीलंडचा नियम असा की देशाकडून खेळायचं तर देशातच राहून खेळायला हवं, इंग्लंडचंही साधारण तसंच. म्हणजे माणसाला निवडावं लागतं, काळी जर्सी की घरच्यांची सोय. डॅन कार्टरने आयुष्यभर ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडच्या संघाकडून, खेळून कसोटीत १५९८ गुण केले, जगात कुणाचे एवढे नाहीत, आणि २०१५ चा कप जिंकल्यावर मगच तो कायमचा पॅरिसच्या क्लबकडे गेला, नंतर जपानला. फिजीची पोरं मात्र वीस-बाविशीतच फ्रान्सला जातात आणि महिन्याच्या महिन्याला गावी पैसे पाठवतात. आपल्या किती घरांत बोटीवर गेलेला मुलगा असतो, किंवा पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडातल्या स्विंडनला गेलेला, तेव्हा हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. तिकडे पोट भरतं, हो. आई मात्र मुलाला टीव्हीवर बघते.

आता माझ्या धंद्याचं, शरीराचं. ह्याच्यावर मी रात्रभर बोलू शकते.

सिया कोलिसी, दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन, गरीब वस्तीत वाढलेला पोरगा. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याच्या गुडघ्याचं एसीएल गेलं. माझ्याकडे एसीएलचा पेशंट आला की मी त्याला नऊ महिन्यांचा हिशोब सांगते. कोलिसी ऑगस्टमध्ये मैदानावर होता. आणि २८ ऑक्टोबरला फायनलमध्ये न्यूझीलंडला १२-११ हरवून त्याने कप उचलला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे अडीच वाजत आले होते, मी आणि भाचा दोघेच जागे, ताई दोनदा ओरडून गेली होती. त्याच आठवड्यात गोव्यात ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा चालू होत्या आणि त्यात सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांची, रग्बी होती. भाच्याला हा किडा चावला तो त्या महिन्यात. कोलिसीसारखं घाईने परतणं मी कुणालाही सुचवणार नाही, त्याच्यामागे सर्जन, फिजिओ, मशिनं, अख्खी फौज होती. फ्रान्सचा आंत्वान द्युपोंसुद्धा बघा. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये सेव्हन्सचं सोनं घेतलं आणि सात महिन्यांनी आयर्लंडविरुद्ध उजव्या गुडघ्याचं एसीएल तुटलं, तेच, जे २०१८ मध्ये आयर्लंडविरुद्धच तुटलं होतं. तेव्हा तो परत आला होता, आणि ह्याही वेळी सगळं पहिल्यापासून, पाय उचलण्यापासून, मांडीचा स्नायू आवळण्यापासून. मी रोज पेशंटकडून हे करून घेते आणि मला माहीत आहे की तिसऱ्या महिन्यात माणूस भिंतीकडे तोंड करून रडतो.

पण गुडघ्याची मला भीती नाही. गुडघा परत येतो. माझा आला असता.

२००३ ची वर्ल्ड कप फायनल मी नंतर, हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर एका सीडीवर बघितली. सिडनी, २२ नोव्हेंबर, इंग्लंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया, जादा वेळ संपत आलेली आणि स्कोअर १७-१७. इंग्लंडला लाइनआउट मिळाला, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू हूकर आत फेकतो आणि दोन्हीकडच्या खेळाडूंना त्यांचे सोबती वर उचलतात. हूकर स्टीव्ह थॉम्पसन. पाय थरथरत असतील, शंभर मिनिटं झालीत खेळून, आणि त्याने जवळचा सोपा थ्रो टाकला नाही, सगळ्यांच्या डोक्यावरून पार मागे, लांब टाकला. चुकला असता तर चेंडू ऑस्ट्रेलियाचा. लुईस मूडीने तो झेलला, मग मॅट डॉसन आत घुसला, मार्टिन जॉन्सनने एकदा अंगावर घेतलं, परत डॉसन, आणि मागे जॉनी विल्किन्सन. डावखुऱ्या पायाचा माणूस, उजव्या पायाने ड्रॉप गोल, म्हणजे चेंडू हातातून जमिनीवर टाकून उसळताच खांबांमधून मारलेली किक. २०-१७. ते मी किती वेळा बघितलंय ह्याला गणती नाही. एका माणसाचा हात, एका माणसाचा पाय, आणि मधले काही सेकंद.

विल्किन्सनचं पुढे काय झालं ते आधी सांगते. त्या किकनंतर मान, खांदा, गुडघा, एकामागून एक दुखापती. इंग्लंडकडून पुढची मॅच खेळायला त्याला ११६९ दिवस लागले. परतला तो फेब्रुवारी २००७ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध, आणि त्या दिवशी २७ गुण केले. ती मॅच कलकत्ता कपची होती. हा कप खरोखर आपल्याकडून गेलेला आहे, कलकत्त्यातला इंग्रजांचा रग्बी क्लब १८७८ मध्ये बंद करायचं ठरलं तेव्हा बँकेतल्या चांदीच्या २७० रुपयांच्या नाण्यांना वितळवून तो घडवला, तीन नाग त्याचे कान आणि झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड अजून त्याच्यासाठी भांडतात. विल्किन्सन नंतर फ्रान्सला तुलोंकडे गेला, युरोपचा कप दोनदा घेतला, २०१४ ला पस्तिसाव्या वर्षी समाधानाने थांबला. मनाच्या त्रासाबद्दलही मोकळेपणाने बोलला, ते बळ मला त्या किकपेक्षा मोठं वाटतं.

आणि ज्याने तो थ्रो टाकला तो थॉम्पसन. २०२० मध्ये त्याने जगाला सांगितलं की त्याला डिमेन्शिया झालाय, बेचाळिसाव्या वर्षी. त्याला ती फायनल आठवत नाही. वर्ल्ड कप जिंकल्याचं आठवत नाही. टीव्हीवर स्वतःला बघतो आणि आपण तिथे होतो असं वाटत नाही म्हणतो. एका मोठ्या आपटण्याने हे होत नाही, वर्षानुवर्षं स्क्रममध्ये, सरावात, रोजची छोटी छोटी हादरणं साठत जातात. त्याच्यासारख्या शेकडो माजी खेळाडूंनी खेळाच्या संघटनांवर दावा लावलाय. आता मोठ्या मॅचमध्ये डोक्याला लागलं की लगेच बाहेर काढून तपासतात, दातांतल्या गार्डमध्ये सेन्सर बसवतात, उंच टॅकलला लाल कार्ड देतात. त्याच्या पिढीला ह्यातलं काहीच मिळालं नाही. उठ, पाणी मार, खेळ.

बाळा, तू वाचतोयस म्हणून तुला सांगते. तू त्या दिवशी अंगठा वर करून दाखवलास तेव्हा तू खोटं बोलत नव्हतास, तुला खरंच वाटलं होतं की तू ठीक आहेस. मार लागलेलं डोकं स्वतःची परीक्षा घेऊ शकत नाही, म्हणून दुसऱ्याने घ्यायची असते. तुला तो तिसऱ्यांचा प्रश्न दोनदा विचारल्याचं आजही आठवत नाही. मला ते विसरता येत नाही.

मग ताई, तू म्हणशील एवढं सगळं माहीत असून तू त्याला सोड म्हणत का नाहीस. त्याच्यासाठी पोर्तुगालचं सांगावं लागेल. आपल्याकडे पोर्तुगीज म्हटलं की घराघरात वेगवेगळं काय काय आठवतं, ते बाजूला ठेव. फुटबॉलमध्ये ते मोठे, रग्बीत लहान. २००७ मध्ये पहिल्यांदा वर्ल्ड कपला गेले तेव्हा संघात बहुतेक सगळे हौशी, वकील, डॉक्टर, विद्यार्थी, रजा टाकून आलेले. राष्ट्रगीत म्हणताना धाय मोकलून रडले. न्यूझीलंडने त्यांना १०८-१३ असं हरवलं आणि त्या १३ मध्ये एक ट्राय होता, त्यासाठी लोक उभे राहिले. नंतर सोळा वर्षं दार बंद. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दुबईला शेवटची पात्रता मॅच, अमेरिकेबरोबर, शेवटच्या क्षणी सॅम्युएल मार्केसने पेनल्टी मारली आणि १६-१६ अशी बरोबरी करून आत गेले. आणि मग ८ ऑक्टोबर २०२३, तुलूज, समोर फिजी. मॅच संपायला दोन-तीन मिनिटं असताना रोद्रिगो मार्ताने ट्राय केला, मार्केसने वरची किक मारली, २४-२३. वर्ल्ड कपमधला त्यांचा पहिलावहिला विजय. भाच्याने मला रात्री अडीचला फोन करून सांगितलं होतं, मी बघतच होते, तरी सांगू दिलं.

त्या संघाचा कॅप्टन तोमास आप्लेटन. शिकलेला दंतवैद्य. सोबतीला फ्रान्समध्ये क्लबकडून पगारावर खेळणारे काही जण आणि घरून थेट आलेले काही जण, एकाच जर्सीत. मला ह्या माणसाचं करिअर फार आवडतं. त्याने खेळ थोडासा खेळला असं नाही, देशाला वर्ल्ड कपमध्ये पहिला विजय मिळवून देणारा कॅप्टन आहे तो, आणि खेळ संपल्यावर त्याच्या हाताला काम आहे.

आपल्या देशात काय आहे ते पण खरं खरं सांगते. १५ जणांच्या रग्बीवर भारतात राहून पोट भरत नाही. लष्करात गेलेले खेळाडू आहेत, तिथे नोकरी आणि खेळ दोन्ही होतं. केंद्र सरकारने २०२० मध्ये नोकऱ्यांच्या खेळाडू कोट्यातल्या यादीत २० खेळ वाढवले, त्यात मल्लखांबाबरोबर रग्बीही आली, हे फार थोड्यांना माहीत आहे. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईला अंधेरीत सहा संघांची सेव्हन्सची लीग झाली, परदेशातले ऑलिंपिक खेळलेले खेळाडू आणि आपली पोरं एकाच संघात, बोली लावून. सात जणांचा खेळ, लहान, वेगवान, आपल्या अंगकाठीला जमणारा. आपल्या मुलींनी तर २०१९ मध्ये मनिलाला सिंगापूरला २१-१९ असं हरवून १५ जणींच्या खेळातला पहिला आंतरराष्ट्रीय विजय घेतला, शेवटची किक ओडिशाच्या सुमित्रा नायकची. तेव्हा दार आहे. अरुंद आहे. त्यातून जायला लागणारी तब्येत ह्या पोराची आहे, मी मावशी म्हणून बोलत नाही, मी त्याच्या मांड्या आणि त्याची उडी मोजलेली आहे.

म्हणून ताई, माझं म्हणणं असं. बारावी नीट दे म्हण, पुढे काहीतरी हाताला काम देणारं शीक म्हण, ते त्याला पटलेलं आहे, मला माहीत आहे. खेळ सोड म्हणू नकोस. मला तेव्हा विसर म्हणाले होते ना, मी विसरले नाही, फक्त कुणाला सांगायची बंद झाले. आणि गुडघा, खांदा, बोटं मोडली तर माझ्याकडे आण, मी उभा करीन. पण डोक्याच्या बाबतीत माझं कुणी ऐकणार नसेल, कोच, मित्र, तो स्वतः, निवड समिती, कुणीही, तर त्या दिवशी मी मैदानात शिरून त्याला हाताला धरून बाहेर आणीन. निवड चाचणी पुढच्या वर्षी पण असते.

हे लिहून ठेवलं होतं, टाकायचं होतं, तेवढ्यात काल संध्याकाळी माशेलला जाऊन आले. भाचा क्लासला गेला होता. ताई अंगणात निवडायला भाजी घेऊन बसली होती आणि त्याचा तो चेंडू पायरीवर पडलेला. तिने तो उचलला, दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला, टोकाला बोट लावून बघितलं. मग मला म्हणाली, "काय गो, हा मागेच का टाकायचा? पुढे जायचंय ना त्यांना?"

मी तिच्या मागे तीन पावलांवर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, टाक बघू.